खिडकीबाहेरचा वेस्ली

महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं, "वसुधाताई, तुम्ही नक्की कुठे काम करत होता हो?" तर मी "दवाखान्यात" एवढंच सांगून पोह्यांकडे वळायची. खोटं नव्हतं ते. पण पूर्ण सांगितलं असतं तर समोरच्याच्या घशाखाली पोहे उतरले नसते. मी नर्स होते, आणि सिएटलच्या दक्षिण भागातल्या एका व्यसनमुक्ती दवाखान्याच्या खिडकीवर उभी राहून माझी अर्धी नोकरी मेथाडोन पाजण्यात गेली. पाजण्यात म्हणजे अक्षरशः पाजण्यात.

हे काम कसं चालतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हेरॉइन किंवा हल्लीची ती फेंटानिलची, हेरॉइनहून जहाल अशी निळी गोळी एकदा अंगात मुरली की माणूस मजेसाठी घेत नाही. न घेतल्यावर जे हाल होतात ते टाळायला घेतो. हाडं दुखतात, पोट ढवळतं, कातडीखाली मुंग्या फिरतात. मेथाडोन हे औषध ते हाल थांबवतं आणि नशा चढू देत नाही, त्यामुळे माणूस नोकरीवर जाऊ शकतो, पोरांना शाळेत सोडू शकतो. पहाटे रांग लागते. जो तो येऊन खिडकीसमोर उभा राहतो, मी मोजून पेला देते, तो माझ्यादेखत पितो आणि मग मला काहीतरी बोलून दाखवतो. बोलल्याशिवाय सुटका नाही. काही बहाद्दर औषध गालात धरून बाहेर नेतात आणि विकतात. "गुड मॉर्निंग म्हण बाळा," म्हटलं की यांची फक्त मान हलते. मी नागपूरची. मास्तरणीच्या घरात वाढलेली. माझ्यासमोर गाल फुगवून कोण जाणार?

हॅरॉल्ड नावाचे एक म्हातारबुवा यायचे, बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. ते औषध पिऊन रोज त्यांच्या मांजरीची एक तक्रार सांगत. आज तिनं उशीवर घाण केली, आज ती शेजाऱ्याकडे जेवली. माझं ऐकून संपलं तरी त्यांचं सांगून संपत नसे, मागची रांग ओरडायला लागे. मांजर मेली त्या दिवशी त्यांनी औषध प्यायलं आणि काहीच बोलले नाहीत. नियमाप्रमाणे मी बोलायला लावायला हवं होतं. मी आपलं म्हटलं, "जा बाप्पा, दिसतंय मला."

तर खिडकीच्या आतलं जग हे असं होतं. वेस्ली मात्र खिडकीबाहेरचा माणूस.

तो हायडा होता. अलास्काच्या दक्षिण टोकाला बेटं आहेत, तिथले हे मूळ रहिवासी. उंच, रुंद, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेले कावळे. हायडा म्हटलं की इथले लोक हमखास विचारतात, "तुम्ही ते लाकडाचे उंच खांब कोरता ना?" वेस्ली म्हणायचा, "मला साधी पेन्सिल तासता येत नाही. आमच्या घराण्याची अब्रू माझ्या बहिणी सांभाळतात." आणि स्वतःच खदाखदा हसायचा. गावाहून त्याला वाळवलेलं काळं समुद्री शेवाळ यायचं, कुरकुरीत. मी ते एकदा चिवड्यात घातलं. ब्राह्मणी चिवड्याची अशी विटंबना कुणी केली नसेल, पण काय सांगू, बशी चाटून पुसून खाल्ली आम्ही दोघांनी.

आधी तो माझ्या खिडकीवर पेशंट म्हणून यायचा. सावरला, शिकला, आणि मग आमच्याकडेच 'पीअर' म्हणून नोकरीला लागला. पीअर म्हणजे स्वतः त्या आगीतून बाहेर आलेला माणूस. तो डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. त्याचं काम एकच, रांगेतल्या माणसांच्या बरोबर असायचं. मला वाटलं, झालं, आता चोराच्या हाती किल्ल्या. तोंडावर बोललेही तसं. तो म्हणाला, "आंटी, कुलूप कुठे कुठे तुटतं ते चोराशिवाय कोण सांगणार?" मला गप्प करणारी माणसं फार नाहीत, आमच्या यजमानांना विचारा.

इथल्या मंडळींत दिवस मोजायची पद्धत आहे. व्यसन सोडून इतके दिवस झाले की टाळ्या, इतके महिने झाले की बिल्ला. वेस्ली कधी कुणाचे दिवस विचारत नसे. कुणाकडून वचनही घेत नसे. कुणी भावनेच्या भरात "आता आयुष्यात शिवणार नाही" म्हणायला लागला की त्याला मध्येच तोडायचा, "ते राहू दे. उद्या सकाळी येशील का, ते सांग." मला हे आळशीपणाचं वाटायचं. त्यामागे काय होतं ते मला फार नंतर कळलं.

आता मंदारचं सांगते. नाव बदललेलं नाही. का बदललं नाही ते शेवटी कळेल.

एका सकाळी रांगेत एक मराठी चेहरा दिसला. पस्तिशीचा, डोळ्यांखाली खड्डे, पाठीला लॅपटॉपची बॅग. त्यानेही मला पाहिलं आणि तो जागच्या जागी थिजला. गणपतीत मी त्याच्याच पानात मोदक वाढला होता. पुढच्या क्षणी तो रांग सोडून दाराबाहेर. पहिल्याच दिवशी औषध न घेता परत गेलेला माणूस सरळ गोळी विकणाऱ्याकडे जातो, आणि त्या गोळीत फेंटानिल किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एखादी गोळी शेवटची ठरते.

वेस्ली त्याच्या मागे गेला. खिडकीतून मला पार्किंग दिसत होतं. मंदार गाडीत बसला होता, स्टिअरिंगवर डोकं टेकून. वेस्लीने काच ठोठावली नाही. समोरच्या कठड्यावर बसून राहिला, पावसात, टोपी ओढून. माझी अर्धी रांग संपली तरी तो तसाच. मग गाडीचं पलीकडचं दार उघडलं आणि हा आत जाऊन बसला.

परत आला तो ओलाचिंब. म्हणाला, "आंटी, उद्या तू दुसऱ्या खिडकीवर उभी राहशील का?"

"काहून? मी काय वाघ आहे?"

"वाघ असतीस तर तो घाबरला नसता. तू त्याचं गाव आहेस. मलासुद्धा पोलिसांची लाज वाटायची नाही, आत्यांची वाटायची."

मी खिडकी बदलली. मंदार यायला लागला. बऱ्याच आठवड्यांनी एक दिवस तो आपणहून माझ्या रांगेत येऊन उभा राहिला. औषध प्यायला आणि बोलायचं म्हणून म्हणाला, "काकू, गणपतीतले मोदक जरा फाटले होते." मी म्हटलं, "तुझ्या होणाऱ्या सासूला सांग करायला." दोघंही हसलो. मणका सरकल्याचं ऑपरेशन, मग डॉक्टरने लिहून दिलेल्या वेदनेच्या गोळ्या, मग डॉक्टरने बंद केल्यावर फोनवरून मागवलेल्या गोळ्या, अशी त्याची कथा. त्यात नवीन काही नव्हतं. नवीन एवढंच की हा आपल्यातला होता, आणि आपल्यातले लोक कॅन्सर झाला तरी "थोडं बरं नाही" म्हणतात.

नीट वागणाऱ्या पेशंटला पुढे आठवड्याच्या बाटल्या घरी देतात, कुलूपबंद डब्यात. मंदारला मिळायला लागल्या. नेमकी तेव्हाच पुण्याहून त्याची आई आली, सहा महिन्यांसाठी, बॅगेत लोणची आणि तीन स्थळांचे फोटो घेऊन.

सुमनताई निवृत्त शिक्षिका. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा. फ्रिजमागे कुलूपबंद डबा सापडल्यावर त्यांनी तो त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. मंदारने सगळं सांगितलं. मग त्या माऊलीने जे केलं ते फक्त आपल्याकडची आईच करू शकते. "एक विष सोडायला दुसरं विष?" म्हणून सगळ्या बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या, त्याला देवासमोर बसवलं आणि त्याचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, की यातल्या कशालाही पुन्हा शिवणार नाही. यात दवाखान्याचं औषधही आलं. आणि एका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या त्या मुलाने ती घेतली.

दोनतीन दिवसांनी दुपारी वेस्ली माझ्याकडे आला. मंदारचा फोन आला होता. बाथरूमच्या फरशीवर पडून आहे, उलट्या थांबत नाहीत, आणि औषध घ्यायला तयार नाही. "म्हणतो, घेतलं तर आई मरेल. आंटी, हे खरंय का?"

"खरं नाही," मी म्हटलं. "पण खोटं म्हणायची हिंमत माझ्यातही नाही."

मंदारनेच मला आणायला सांगितलं होतं, आईशी मराठीत बोलायला. मॅनेजरची परवानगी काढून आम्ही दोघं निघालो. गाडीत वेस्ली एकदाच बोलला, "सगळ्यात वाईट वेळ आता आहे. त्याचं अंग औषध विसरायला लागलंय. हा तुटला आणि पूर्वीइतकी गोळी घेतली, तर गेला."

दार सुमनताईंनी उघडलं. वेस्लीने न सांगता बूट काढले. त्यांनी त्याचे गोंदलेले हात पाहिले आणि मला मराठीत विचारलं, "हा गुंड कोण?"

"काय म्हणाल्या?" वेस्लीने विचारलं.

"चहा घेणार का विचारतायत."

बाथरूमच्या दाराशी पाट होता, पाटावर त्या. शेजारी गजानन महाराजांचा अंगारा. आतून मंदारच्या कण्हण्याचा आवाज. मी समजावायला सुरुवात केली, औषध कसं काम करतं, का लागतं, साखरेच्या रोग्याला इन्सुलिन लागतं तसं. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेली बाई ती. माझं व्याख्यान ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "होईल त्रास चार दिवस. मग मोकळा होईल. माझा मुलगा शपथ मोडणार नाही, मला खात्री आहे."

मी भाषांतर केलं. वेस्ली खाली फरशीवर बसला, त्यांच्या पाटापेक्षा खाली. म्हणाला, "मलाही खात्री आहे. भीती त्याचीच वाटते."

मग त्याने त्याच्या मामाचं सांगितलं. हायडा लोकांत मामा म्हणजे बापाहून जवळचा, वंश आईकडून चालतो. या मामाने वेस्लीला बोट चालवायला शिकवलं होतं. त्याने वेस्लीच्या आजीच्या पायाशी बसून, सगळ्या घरासमोर वचन दिलं होतं की आता कधीच नाही. बराच काळ पाळलं. मग एकदा मोडलं. "मोडलं त्या दिवशी तो घरी आला असता तर आजीने भात वाढला असता," वेस्ली म्हणाला. "पण वचन मोडून तो तिच्यासमोर कसा येणार? तो बोटींच्या शेडमध्ये जाऊन बसला. एकटा. गोळीने थांबलेला श्वास परत आणायला नाकात मारायचं औषध असतं, ते घरात होतं, मारायला माणसं होती. तो घरी असता तर जगला असता. गोळीने तो पडला, पण मेला लाजेने. तेव्हापासून मी कुणाकडून वचन घेत नाही. त्यांनी पडावं, पण माझ्या दारात पडावं."

मी हे सगळं मराठीत सांगितलं. वेस्लीने मला विचारलं, "तुमच्यात ही शपथ काढायची काही रीत आहे का?"

मला आठवलं. लहानपणी गल्लीत आम्ही एकमेकींना शपथा घालायचो आणि ज्याची शपथ असेल त्याने 'सुटली' म्हटलं की ती सुटायची. मी तसं सांगितलं.

"तो पोरखेळ!" सुमनताई ताडकन म्हणाल्या.

"गळ्याला हात लावून शपथ घालणं तरी दुसरं काय होतं, ताई?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आठवीच्या वर्गात कान धरून उभी असल्यासारखं वाटलं मला. मग त्या दाराकडे तोंड करून बसल्या. मी घाबरून मनात रामरक्षा म्हणत राहिले.

"सुटली," त्या म्हणाल्या. इतकं हळू की आत ऐकू गेलं नसावं. मग दारावर हात आपटून ओरडल्या, "मंदार, सुटली रे! माझी शपथ सुटली! ऊठ!"

आतून तो लहान पोरासारखा रडायला लागला. वेस्लीने दार उघडलं, त्याला उचलून उभं केलं, तोंड धुतलं. कसला विजय नाही, उपदेश नाही. "चल, गाडी खाली आहे," एवढंच. दिवस चुकले की आधीचा डोस तसाच देता येत नाही, कमी करून पुन्हा चढवावा लागतो. डॉक्टर आमची वाट पाहत थांबले होते. जिन्यावर सुमनताई मागून चपला न घालताच आल्या आणि गाडीत बसल्या.

इतकी वर्षं मी औषध मोजून पाजलं. माणूस कसा वाचतो ते मात्र त्या दिवशी पाहिलं, आणि आजही त्या फरशीवर बसलेल्या माणसाची आठवण झाली की हात जोडावेसे वाटतात.

पुढे सुमनताई रोज मंदारबरोबर यायच्या आणि बाहेरच्या खुर्चीवर बसायच्या. शेजारी वेस्ली. यांचं इंग्रजी शाळेतलं, त्याचं मराठी शून्य, पण गप्पा चालू. रांगेतल्या माणसांना त्या घरून आणलेल्या शंकरपाळ्या वाटायला लागल्या. तरी एक अट कायम होती. मला बजावून ठेवलं होतं, "वसुधाताई, मंडळात कुणाला कळता कामा नये. लग्न व्हायचंय त्याचं."

आणि मग वेस्ली गेला.

लोक ऐकतात आणि 'पुन्हा गोळी घेतली असणार' असा चेहरा करतात. तसं नव्हतं. जुन्या दिवसांतल्या सुयांनी त्याच्या हृदयाच्या झडपेला जंतू लागले होते. एकदा ऑपरेशन झालं, झडप बदलली. दुसऱ्यांदा ती पुन्हा नासली आणि शरीराने साथ सोडली. पस्तिशीही गाठली नव्हती त्याने. दर वसंतात म्हणायचा, "आंटी, हेरिंग माशांची अंडी गोळा करायला चल आमच्या बेटावर," आणि मी म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." काय अडलं होतं माझं? काही नाही. सुट्टीही शिल्लक होती. गेले ती त्याला पुरायला.

त्यांच्या रिवाजाप्रमाणे वर्षभराने त्याच्या मावशीने सिएटलमधल्या त्याच्या माणसांसाठी इथेच एका हॉलमध्ये जेवण घातलं. मावशीचं नाव बर्निस. तिने मला रीत समजावली. हायडांमध्ये दोन बाजू, कावळा आणि गरुड. कावळ्यांच्या घरात माणूस गेला की घरच्यांनी नुसतं दुःख करायचं, सगळं काम गरुडांनी करायचं. मग स्मरणाच्या जेवणात प्रत्येक काम करणाऱ्याचं नाव भर सभेत पुकारतात, त्याला भेट देतात, आणि तो गेलेल्या माणसाविषयी एक गोष्ट सांगतो. जमलेले सगळे त्याचे साक्षीदार. "पण या शहरात आमचे गरुड मोजके," बर्निस म्हणाली. "म्हणून मी ठरवलंय, ज्यांना त्याने सावरलं ते सगळे आजचे गरुड."

एवढ्या माणसांचा स्वयंपाक, म्हणून मी मंडळाची मोठी पातेली मागितली. मंडळाची भांडी आली की मंडळाची माणसंही येतात. चार कार्यकर्ते हजर, चिटणीसबाई धरून. माझ्या ऑफिसातल्या कुणाचा स्मृतिदिन एवढंच त्यांना ठाऊक. सुमनताई पुन्हा आलेल्या होत्या. "वर्षश्राद्धाला गोड हवंच," म्हणून सकाळपासून शिरा ढवळत होत्या. मंदार मोरीत भांडी घासत होता. चिटणीसबाईंनी विचारल्यावर म्हणाला, "व्हॉलंटिअर करतोय." हळूच मला म्हणाला, "काकू, त्यांना सांगा ना, माझं नाव नका पुकारू."

मी बर्निसला सांगितलं. ती म्हणाली, "काम केलं त्याचं नाव न घेणं हा आमच्यात अपमान आहे. पण मी त्याला बोलायला लावणार नाही."

जेवणं झाली. ढोल वाजला. काळ्या-लाल, शिंपल्यांच्या बटणांनी मढवलेल्या शाली पांघरून घरची मंडळी उभी राहिली, आणि नावं सुरू झाली. मी भिंतीला टेकून पाहत होते. ज्यांना मी रोज एका पेल्यापुरती ओळखत होते ती माणसं एकेक उठत होती. बस चालवणारी, छप्परं घालणारी, कडेवर पोर घेतलेली. हॅरॉल्डबुवा काठी टेकत गेले. "त्याने मला नवीन मांजर आणून दिली," एवढंच म्हणाले आणि बसले. नावं संपेनात. मला वाटत होतं वेस्लीने पाचपन्नास लोकांना मदत केली असेल. अर्ध्या हॉलचं नाव पुकारून झालं होतं. ही सगळी माणसं एव्हाना मेली असती, आणि ती शिरा खात होती.

मग मंदारचं नाव आलं, आडनावासकट, मोठ्याने. तो पुढे गेला. बर्निसने त्याच्या खांद्यावर घोंगडी घातली. माइक समोर होता. तो इंग्रजीत म्हणाला, "वेस्ली माझा मित्र होता. चांगला मित्र होता." चिटणीसबाईंनी कौतुकाने मान डोलावली. मंदार खाली मान घालून वळला.

तेवढ्यात सुमनताई उठल्या. पदराला हात पुसत पुढे गेल्या आणि त्याच्या हातातून माइक घेतला. मराठीत बोलायला लागल्या, वर्गात बोलावं तसं स्वच्छ.

"हा माझा मुलगा. याला गोळ्यांचं व्यसन लागलं होतं. याचं औषध मी माझ्या हाताने ओतून टाकलं. मी याला मारलाच होता. त्या पोराने माझ्या घरी येऊन, जमिनीवर बसून, याला माझ्या हातातून सोडवला. माझा मुलगा आजही ते औषध घेतो, रोज घेतो, आणि जिवंत आहे."

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नव्हतं. सगळे आदराने शांत. फक्त शिऱ्याच्या पातेल्याशी उभ्या असलेल्या आमच्या चौघांचे डाव हातात तसेच राहिले होते. सुमनताई त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"ज्यांच्यापासून लपवत होते, त्यांना आधी सांगितलं," त्या म्हणाल्या आणि माइक माझ्यापुढे धरला. "वसुधाताई, आता बाकीच्यांना इंग्रजीत सांगा. आणि पुढे कुठे लिहिलंत, तर नाव खरं घाला."